बुरजावरचा तांबडा डाग

रवि. २५ ऑक्टो. ९८

दिवाळी संपली, चकल्या मऊ पडल्या. हे सकाळी फिरायला गेले, नेहमी दहाला येतात ते साडेअकराला आले. चपला घालूनच आत. चहा ठेवला, त्यावर साय धरली तरी हात लावला नाही. दोनदा विचारल्यावर म्हणाले, "आपल्या दिव्याच्या बुरजावर खात्यानं नोटीस चिकटवलीय. धोकादायक, वापरात नाही. पाडणार."

म्हणे आपला. ह्यांना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, दिवा बंद होऊन सात. आता शेजारी लोखंडी सांगाड्यावर आपोआप लागणारा दिवा आहे, त्याला माणूस लागत नाही. पण खाडीच्या तोंडावर नोकरीची शेवटची नऊ वर्षं काढली आम्ही. लेकीचं, वंदनाचं, लग्न बुरजाखालच्या क्वार्टरमधून लावलं. मलाही फार वाईट वाटलं. ह्यांचं तोंड बघून माझं बाजूला ठेवलं.

मंगळ. २७

ह्यांनी खात्याला अर्ज लिहिला. चार पानं. मला वाचायला दिला. पहिलीच ओळ: "वारा वायव्येचा, मंद. आकाश निरभ्र." म्हटलं, अहो, पाडू नका म्हणून अर्ज आहे ना? हवामान कशाला? म्हणाले, तारीख घातली की हात आपोआप पुढचं लिहितो. बत्तीस वर्षं दिव्याच्या रजिस्टरात तेच लिहिलं, आता हाताला कोण समजावणार. खोडा म्हटलं तर खोडलं नाही. तसाच पोस्टात टाकला.

रवि. १ नोव्हें.

तुळिंजचे शिर्के सर आले. शाळेत चित्रकला शिकवतात, रविवारी लोकांना वसईचा किल्ला दाखवत हिंडतात. गोड माणूस, फक्त फार बोलतो. खात्यातल्या साहेबांना भेटून आले. जपायच्या जुन्या वास्तूंची एक यादी होतेय म्हणे. बुरूज मूळ रूपात असेल तर यादीत जाईल, आणि यादीत गेला की पाडता येत नाही. साहेब डिसेंबरात बघायला येणार.

"मूळ रूप म्हणजे कसं हो काका?"

"पांढरा," हे म्हणाले. "पायापासून कठड्यापर्यंत. आणि तो डाग आधी बुजवायचा."

डाग म्हणजे समुद्राच्या बाजूला गिलावा पडून उघडी पडलेली तांबडी वीट. दोन हात रुंद असेल. आमची इथं बदली झाली त्याच पावसाळ्यात गिलावा पडला, आणि पुढं नऊ वर्षांत ह्यांनी दुरुस्तीची अकरा पत्रं लिहिली. एकाचं उत्तर नाही. पाहुणे आले की हे त्यांना त्या बाजूला नेत नसत. माणसाला शर्टावरच्या डागाची लाज वाटते, ह्यांना बुरजावरच्या.

रवि. ८

चुना विझवला. पिंपात नुसता उकळत होता. सर म्हणाले, सिमेंट लावू, दोन तासांत काम. ह्यांनी असं बघितलं की सर चुना ढवळायला लागले. खाऱ्या हवेत सिमेंटखाली वीट आतून खराब होते. चुनाच हवा, गूळ-हिरड्याचं पाणी घालून. हिरडे मी कुटले. दंड भरून आलेत.

रवि. १५

परांची बांधली. सहासष्टाव्या वर्षी हे वर, मी खाली. ओरडून ओरडून घसा बसला. वरून म्हणतात, "तू वर बघू नकोस, म्हणजे तुला भीती वाटणार नाही." सरांनी गवंडी आणला होता, पण डाग ह्यांनी स्वतः बुजवला, कुणाला थापी लावू दिली नाही. खाली आले तर केस, भुवया, मिशी सगळं पांढरं. घरी आल्यावर अंगाला खोबरेल चोळून दिलं, चुन्यानं बोटांना चिरा गेल्यात. बोटं धरून बसले होते तर म्हणाले, "अजून दोन मिनिटं." बसले दोन मिनिटं. दहा झाली असतील.

रवि. २२

झाला. पांढराशुभ्र. खरंच सांगते, नवरदेवासारखा दिसतो. (बुरूज. हेही थोडेसे.) सरांनी सगळीकडून फोटो काढले. डाग कुठं होता ते माझं मलाही सापडेना, इतकं साफ काम. ह्यांनी तिथं हात फिरवला आणि म्हणाले, "अकरा पत्रं."

घरी येताना शीळ घालत होते. किती वर्षांनी ऐकली.

शनि. ५ डिसें.

सकाळी आठला कोळीवाड्यातून आरडाओरड. पास्कू तांडेलची होडी खाडीत शिरताना वाळूच्या दांड्यावर चढली. पाणी उतरलेलं, वर धुरकट. होडी कलली, खालची फळी फुटली, जाळं गेलं. माणसं सगळी धड आहेत, देवाची कृपा. पास्कूचा भाऊ खांद्यावर पडला, हात गळ्यात बांधलाय.

पास्कू चाळीस वर्षं ह्या खाडीतून ये-जा करतोय. आमच्या क्वार्टरवर बोंबील तोच आणून द्यायचा. त्याची होडी दांड्यावर चढते म्हणजे काय? हे दिवसभर तेच म्हणत होते.

रवि. ६

पास्कू आला. चर्चमधली मिस्सा आटोपून तसाच, कडक इस्त्रीच्या शर्टात. बसा म्हटलं तर बसला नाही. ह्यांच्याकडे न बघता बोलला.

"साहेब, रागवू नका. तुमी आमची निशानी पुसली."

ह्यांना कळेना. मलाही. मग त्यानं सांगितलं. बाहेरून येताना होड्या हाकणारे सगळे तांडेल बुरजावरचा तांबडा बघतात. मागं त्यांच्या देवळाचा, म्हणजे चर्चचा, क्रूस आहे, तो तांबड्याच्या बरोबर डोक्यावर आला की सुकाणू वळवायचं, म्हणजे दांडा चुकतो. अख्खा बुरूज बघून चालत नाही, तो दहा हात रुंद. आणि सकाळच्या धुरकटात पांढरं दिसतच नाही. तांबडं दिसतं.

"एकवीस दिवस आमी अंदाजानं येतो. काल अंदाज चुकला."

"मला सांगायचं होतं रे आधी," हे म्हणाले.

"तुमी दिव्याचे साहेब. आमाला वाटलं तुमाला म्हाईत हाय. तुमी मुद्दाम केलं असंल, सरकारचा हुकूम असंल."

चहा न घेता गेला. पास्कू आमच्या घरून चहा न घेता कधी गेला नव्हता.

मंगळ. ८

जेवण नाही. फिरायला नाही. पेपर घडीचा तसाच. काल दुपारी बोलले, भिंतीकडे तोंड करून.

"रात्रभर दिवा सांभाळायचो आणि सकाळी झोपायचो. नऊ वर्षं. ह्या होड्या सकाळी यायच्या. मी एकदासुद्धा बघितलं नाही त्या कशा येतात."

खरं आहे ते. मीच पडदे ओढायची, मीच पास्कूला सांगायची, हळू बोल, साहेब झोपलेत. हे दिव्यावरचे लोक असेच. रात्रीच्या बोटींची काळजी इतकी, की दिवसा बोटी असतात हेच विसरतात. दोष मला पण द्या म्हटलं. हसले नाहीत. मला रडू आलं, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

शुक्र. ११

कोळीवाड्यानं कठड्याला तांबडं कापड बांधलं होतं, वाऱ्यानं दोन दिवसांत चिंध्या. मग मी आमची तांबडी चादर दिली, ह्यांना न आवडणारी. ती आज फाटली. खांब रोवून बघितला, वाळूत उभा राहत नाही. ठाम उभा असा तिथं बुरूजच.

सरांचा फोन. साहेब २२ तारखेला येणार, काही हलवू नका, पांढरा एकदम झकास दिसतोय. ह्यांनी ऐकून घेतलं. फोन ठेवला आणि मला म्हणाले, "तांबडी काव आणायची. तेलातली, टिकणारी."

"आणि यादी?"

"जाळं त्याचं गेलं, यादी मी सांभाळू?"

मग जेवले. तीन पोळ्या. मी मोजल्या नाहीत, पण तीन.

रवि. १३

डाग परत काढायचा तर कुठं? ह्यांनी इतका बेमालूम बुजवला की खूणच नाही उरली. सरांच्या फोटोत पांढरा बुरूज, जुना फोटो एक नाही. ह्यांनी कधी काढूच दिला नव्हता त्या बाजूचा.

तर मिस्सेनंतर पास्कू दुसऱ्याची होडी घेऊन वळायच्या जागी जाऊन उभा राहिला. हे परत बांधलेल्या परांचीवर, हातात काठीला बांधलेलं तांबडं फडकं. मी खाली पुळणीवर, पास्कूची बायको मरीबाय माझ्याजवळ. तिची नजर घारीसारखी. पास्कू वल्हं उजवीकडं करायचा, मरीबाय म्हणायची उजवीकडं, मी ओरडायची, हे फडकं सरकवायचे. डावीकडं. जरा वर. परत डावीकडं. एकदा मी माझं डावं सांगितलं आणि हे भलतीकडं गेले. मरीबाय हसून हसून वाळूत बसली. मला आधी राग आला, मग मीही बसले.

दीड तास. शेवटी पास्कूनं वल्हं सरळ उभं धरलं. ह्यांनी तिथं खडूनं रेघ मारली, खाली उतरले नाहीत, डबा वर मागवला आणि रंग लावून मगच आले. दोन हात रुंद, कडा वेड्यावाकड्या. पांढऱ्यावर काय भयानक दिसतंय. नवरदेवाच्या सदऱ्यावर पान थुंकल्यासारखं.

बुध. १६

तिन्ही दिवस सगळ्या होड्या नीट आल्या. हे पहाटे उठून पुळणीवर जाऊन बसतात. एक एक होडी वळते ती बघतात. घरी येऊन मला आकडा सांगतात. आज एकोणीस.

सर येऊन रागावून गेले. "काका, तीन आठवडे सगळ्यांनी राबून केलं, आणि तुम्ही..." त्यांचंही खरं आहे. रविवार घालवले होते त्यांनी.

मंगळ. २२

साहेब आले. तरुण, सभ्य, हातात वही. बुरजाला एक चक्कर मारली, समुद्राच्या बाजूला थांबले.

"हे कोणी केलं?"

"मी," हे म्हणाले. ताठ उभे, इन्स्पेक्शनला राहायचे तसे.

ह्यांनी सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकलं, वही चाळली. म्हणाले, "पण कागदावर बुरूज वापरात नाही. वापरात तो लोखंडी दिवा आहे."

मरीबाय टोपली घेऊन बाजूलाच उभी. "वापरात नाय? मग आमचे पुरुष रोज सकाली कोनाकडं बघून घरी येतात?"

माणूस वाईट नाही. म्हणाले, दिवसाच्या खुणेचा रकाना माझ्या फॉर्ममध्ये नाही, मी शेरा लिहितो, वर काय होईल सांगू शकत नाही. हे फक्त म्हणाले, "शेऱ्यात एकोणीस होड्या लिहा."

शुक्र. २५

नाताळ. पास्कूकडून नेवऱ्या, आपल्या करंज्यांसारख्या, आल्या, केक आला. स्वतः घेऊन आला, बसला, दोन कप चहा प्यायला. ह्यांच्याशी समुद्राबद्दल बोलत होता, हे मान हलवत होते. दिव्याचे साहेब पास्कूला प्रश्न विचारतात आणि तो सांगतो, हे मी पहिल्यांदा बघितलं. बरं वाटलं जिवाला.

शनि. ९ जाने. ९९

खात्याचं पत्र. दोनदा वाचलं. बुरजावरचा तांबडा रंग काढून तो मूळ पांढरा करावा, म्हणजे यादीत घेण्याचा विचार करता येईल. तसं महिन्याभरात लेखी कळवावं. नाहीतर पावसाळ्यापूर्वी पाडकाम.

म्हणजे नुसता ब्रश फिरवायचा, बुरूज वाचला.

सर लगेच आले. राग गेलाय त्यांचा. म्हणाले, "काका, सोपं आहे. आता पांढरा करू. यादीत नाव आलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबडा. कोण बघायला येतंय?"

"नाव यायला किती दिवस?"

"चार महिने धरा."

"चार महिने तांडेल कसे यायचे?"

सर माझ्याकडे बघू लागले, काकू तुम्ही तरी सांगा. मी कपबशा उचलल्या. खरं लिहिते, मला सरांचं पटलं होतं. मला तो बुरूज हवाय. त्याच्यासाठी नाही, ह्यांच्यासाठी. तो पडताना हे बघतील आणि मला ह्यांना बघावं लागेल, ह्याची मला फार भीती वाटते.

सोम. ११

विचारलं शेवटी. "तुम्हाला बुरूज नको झालाय का?"

मग म्हणाले, "अगं, बुरूज कशाला बांधला होता?"

दुपारी उत्तर लिहिलं. रंग काढता येणार नाही, रोज होड्या त्यावर येतात, तरी तांबड्यासकट यादीत घ्यावा ही विनंती. खाली सगळ्या तांडेलांच्या सह्या, तिघांचे अंगठे. पोस्टात टाकायला मीच गेले. पेटीत टाकताना पाकीट पटकन सोडवेना.

गुरु. १४

संक्रांत. कोळीवाड्यात तिळगूळ वाटला. सरांनाही दिला, हात धरून म्हटलं, गोड बोला आता काकांशी. म्हणाले, "काकू, मी रागावलोच नव्हतो, मला वाईट वाटलं होतं." जाताना सांगून गेले, सगळे फोटो खात्याला पाठवणार, परवा काढलेले तांबड्या डागाचेही.

रवि. २४

सकाळी मिस्सा झाल्यावर पास्कू आम्हाला होडीतून घेऊन गेला. त्याची होडी दुरुस्त झाली, नवी फळी वेगळी दिसते. मी नको नको म्हणत होते, मरीबायनं दंडाला धरून बसवलं. पाणी उतरतीचं, दांडा जवळजवळ उघडा. बाहेर गेल्यावर पास्कूनं होडीचं तोंड फिरवलं आणि म्हणाला, "बघा."

धुरकटात किनारा सगळा एक करडी रेघ. झाडं नाहीत, घरं नाहीत, बुरूज सुद्धा नाही. तांबडा मात्र दिसत होता. इतकासा. जवळून भयानक दिसतो तो, इथून बघितल्यावर मला एकदम वाटलं, आपलं माणूस उभं आहे.

पास्कूनं सुकाणू ह्यांच्या हातात दिलं. "साहेब, तुमी आना."

हे नको म्हणाले नाहीत. धरलं. होडी हळूहळू आत येत होती, दोन्ही बाजूंना पाणी वाळूवर फुटत होतं. हे समोर बघत होते. क्रूस दिसायला लागला, तांबड्याकडे सरकायला लागला. आणि माझं लक्ष ह्यांच्याकडे गेलं तर डोळे भरून वाहत होते, पुसायला हात मोकळा नाही.

"मला दिसेना गं," हे म्हणाले.

पास्कू उठायला लागला. मी त्याला थांबवलं. ह्यांच्या शेजारी जाऊन बसले, हातावर हात ठेवला, चारचौघांत. क्रूस अजून थोडा बाजूला होता. मग बरोबर वर आला.

म्हटलं, "आता."

ह्यांनी सुकाणू वळवलं. होडी खाडीत आली.

पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही.